अडगळीतल्या सीवाय-१५आरसाठी: वादक मित्रांना खुले पत्र

प्रति,
वाद्यवृंद, बँजो पार्ट्या, चर्चमधील वादनसंच, महाविद्यालयांची संगीत मंडळे आणि साउंडची कामे घेणारी मंडळी यांपैकी ज्यांच्या अडगळीत रोलंड कंपनीचा सीवाय-१५आर हा सिंबल पॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचातली रबरी झांज, पडून आहे, ते सर्व जण

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर एका वाद्यवृंदाने आपले जुने सामान विकायला काढले होते, ते पाहायला मी गेलो होतो. वायरींची वेटोळी, एक पाय मोडलेला कीबोर्डचा स्टँड आणि स्पीकरच्या रिकाम्या पेट्या यांच्याखाली एक काळा गोल पॅड पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर खडूने ‘खराब’ असे लिहिले होते. मी तो उचलून सरळ केला, तेव्हा रबरावरच्या धुळीखालून मधली वाटी दिसली आणि मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तो सीवाय-१५आर होता. विचारले तेव्हा कळले की चार वर्षांपूर्वी त्याची राइड, म्हणजे सलग ठेका धरणारी सिंबल, वाजेनाशी झाली. काठी मारली की ‘टिक्’ होते आणि पुढचा सूर तिथेच तुटतो, म्हणून तो कोपऱ्यात गेला. मी तो भंगाराच्या भावात घेतला, घरी आणून ओल्या फडक्याने पुसला, माझ्या जुन्या मॉड्यूलला, म्हणजे पॅडच्या ठोक्यांवरून आवाज काढणाऱ्या यंत्राला, जोडला आणि पहिल्याच ठोक्याला राइड लांबवर घुमत गेली. त्याला काहीही झालेले नव्हते. चार वर्षे तो खराब ठरला होता तो एका मोनो पिनेमुळे.

हे पत्र लिहावेसे वाटले ते त्या खडूच्या अक्षरांमुळे. नंतर ओळखीच्या मंडळींमध्ये चौकशी केली तेव्हा आणखी दोघांकडे हाच पॅड ‘बंद’ म्हणून ठेवलेला निघाला. त्यांतल्या एकाची फक्त जॅकची तार सुटली होती, आणि दुसऱ्याचे दुखणे खरोखरीचे होते, त्याविषयी पुढे लिहितो. या पॅडचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे. नवा मिळणार नाही, तेव्हा जे शिल्लक आहेत तेवढेच आपले, आणि त्यांतले किती चांगले असूनही मेलेले ठरले आहेत याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही. म्हणून आपणा सर्वांना माझी विनंती अशी की, आपला सीवाय-१५आर भंगारात घालण्यापूर्वी किंवा येईल त्या किमतीला विकण्यापूर्वी अर्धा तास त्याच्यासाठी काढावा. त्या अर्ध्या तासात काय पाहायचे, हे मला जमेल तितके सविस्तर सांगतो.

आधी या वस्तूची योग्यता सांगायला हवी, कारण आपल्यापैकी अनेकांच्या हाती ती संचाबरोबर आयती आली आणि तिच्याकडे नीट पाहायचे राहून गेले. १९८१ साली सिमन्स कंपनीचे षटकोनी पॅड आले तेव्हा इलेक्ट्रॉनिक ड्रम म्हणजे टणक पृष्ठभागावर काठी आपटणे असेच होते. १९८५ साली रोलंडने ऑक्टोपॅड काढला आणि आपल्याकडच्या वाद्यवृंदांनी तो इतका आपलासा केला की आज कुठल्याही कंपनीच्या तशा पॅडला आपण सरसकट ऑक्टोपॅडच म्हणतो. ड्रमच्या बाबतीत पुढे सुधारणा होत गेल्या. १९९७ साली टीडी-१० मॉड्यूलबरोबर जाळीच्या कातड्याचे पॅड आले आणि काठीला खरी उसळी मिळू लागली. सिंबल मात्र मागेच राहिले. त्या पहिल्या संचातसुद्धा सिंबलच्या जागी गोल रबरी पॅडच होते. ते वाजत, पण हलत नसत. सिंबलवर ठोका बसल्यावर ती झुलली नाही तर वादकाच्या मनगटाला पुढच्या ठोक्याचा अंदाजच येत नाही. आणि आठ मात्रांच्या राइडमध्ये तर मनगट त्या झोक्यावरच चाललेले असते.

या शतकाच्या सुरुवातीला रोलंडने व्ही-सिंबल आणले. त्यांत चौदा इंचांचा क्रॅश, म्हणजे जोराच्या ठोक्याची सिंबल, होता आणि पंधरा इंचांचा हा राइड होता. २००४ साली टीडी-२० आला तेव्हाही हाच राइड होता आणि २०१२ साली टीडी-३० आला तेव्हाही, रंग बदलून, हाच होता. एखादा पॅड कंपनीच्या सर्वांत वरच्या संचात इतकी वर्षे टिकतो, तेव्हा बनवणाऱ्यांना त्यात बदलण्याजोगे फारसे सापडले नाही असाच अर्थ मी घेतो. पितळी सिंबलमध्ये पंधरा इंच हे राइडचे माप नव्हेच. तिथे वीस-बावीस इंचांच्या राइड असतात. तरीही या पॅडवर पसारा कमी वाटत नाही, कारण त्याची वाटी, मधला भाग आणि कड यांची उंची-उतार काठीच्या सवयीशी जुळतो. अरुंद मंचावर, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड यांच्या मधल्या दोन फुटांत वादकाला कोंबून बसवलेले असते, तिथे तर हे माप वरदानच आहे.

आता त्याच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण तेवढे कळले की निम्मी भीती जाते. वरचे रबर, खाली टणक प्लास्टिकची तबकडी आणि तिला खालून चिकटवलेला पिएझो. पिएझो म्हणजे पितळी चकतीवर चिनीमातीसारख्या पदार्थाचा पातळ थर. तो दाबला किंवा हादरला की क्षणभर विद्युतदाब तयार होतो. काठी जितकी जोरात, तितका दाब जास्त. मॉड्यूल त्या दाबाचे टोक मोजते आणि त्यावरून ठोक्याची ताकद १ ते १२७ या आकड्यांत ठरवते. वादकांच्या भाषेत ज्याला आपण बो म्हणतो, तो मधला पसारा केवळ या पिएझोवर चालतो. कड आणि वाटी, म्हणजे एज आणि बेल, यांच्यासाठी रबराखाली पातळ फिल्मचे स्विच घातले आहेत. दोन पातळ थर, त्यांच्यामध्ये सुईच्या टोकाएवढी पोकळी. दाबले की थर एकमेकांना चिकटतात आणि सर्किट पूर्ण होते. यातली गंमत अशी की कडेच्या स्विचला ठोका किती जोराचा होता हे मुळीच कळत नाही. त्याला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगता येते. कडेवर मारल्यावर पिएझो सांगतो ‘इतका जोर’, स्विच सांगतो ‘कडेवर’, आणि मॉड्यूल दोघांचे ऐकून क्रॅशसारखा भरलेला आवाज काढते. मला या साधेपणाचे फार कौतुक वाटते. तीन जागांसाठी तीन पिएझो घातले असते तर एकाचा हादरा दुसऱ्याला लागून गोंधळ झाला असता. तो प्रश्न त्यांनी मुळातच उद्भवू दिला नाही.

चोक करणे, म्हणजे वाजत्या सिंबलची कड चिमटीत धरून आवाज तोडणे, हे त्याच स्विचवर चालते. स्विच क्षणभर मिटून उघडला तर तो ठोका, आणि मिटलेलाच राहिला तर ती चिमूट. टाळकरी टाळ वाजवून लगेच तळहाताशी दाबतो आणि नाद बंद करतो, अगदी तसेच. आणि आता मोनो पिनेची गोष्ट उलगडेल. स्टिरिओ पिनेला तीन भाग असतात: टोक, मधले कडे आणि दांडा. पिएझोचा संदेश टोकावरून जातो, कडेच्या स्विचचा मधल्या कड्यावरून, आणि दांडा दोघांना सामाईक. गिटारची मोनो पिन, आपल्या बाजारात जिला पी-३८ म्हणतात तीच, या जॅकमध्ये घातली की तिचा लांब दांडा मधल्या कड्यालाही टेकतो आणि दोन्ही जोडले जातात. मॉड्यूलला वाटते की कुणीतरी कड सतत चिमटीत धरून बसले आहे. मग ठोका पडतो, ‘टिक्’ होते आणि सूर तुटतो. घाईगर्दीच्या कार्यक्रमात साउंडवाल्याने हाताला लागली ती केबल जोडली असेल, त्यात कुणाचाच दोष नाही. पण त्यानंतर चार वर्षांत एकदाही केबल बदलून पाहिली गेली नाही, याचे मात्र वाईट वाटते.

म्हणून पहिली तपासणी केबलची. पिनेवर काळ्या रेघा दोन आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे; एकच असेल तर ती मोनो. दुसरी तपासणी मॉड्यूलच्या सेटिंगची. ट्रिगरच्या, म्हणजे पॅडच्या संदेशांच्या सेटिंगच्या, पानावर पॅडचा प्रकार निवडायची सोय असते आणि रोलंडच्या अनेक मॉड्यूलांत तिथे ‘सीवाय-१५आर’ हे नावच दिलेले असते. तिथे एखाद्या ड्रमपॅडचे नाव निवडलेले राहिले असेल तर कडेचा स्विच ओळखलाच जात नाही, आणि आपण उगीच पॅडला दोष देत बसतो. तिसरी गोष्ट, या पॅडला जॅक दोन आहेत. एकातून बो आणि एज बाहेर पडतात, दुसऱ्यातून बो आणि बेल. तिन्ही जागा वाजवायच्या असतील तर दोन केबली लागतात आणि मॉड्यूलमध्ये त्यासाठी दोन जागा लागतात. टीडी-२०, टीडी-१२ यांसारख्या मॉड्यूलांत राइडसाठी तशी तरतूद आहे. ज्यांच्याकडे एकच जागा मोकळी आहे त्यांना कड हवी की वाटी, हे ठरवावे लागते. आणि ‘माझ्या पॅडची बेल वाजत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या दहांपैकी निदान काही जणांनी दुसरी केबल लावलेलीच नसते, असा माझा दाट संशय आहे.

एवढे करूनही पॅड गप्प असेल तर साधे मल्टिमीटर हाती घ्यावे. पॅडला स्टिरिओ केबल जोडावी, दुसरे टोक मोकळे ठेवावे आणि मीटरच्या दोन सुया पिनेच्या मधल्या कड्याला आणि दांड्याला लावाव्यात. मग अंगठ्याने कड दाबावी. सोडल्यावर सर्किट उघडे आणि दाबल्यावर जोडलेले, असे दिसले तर स्विच ठणठणीत आहे. बीप वाजण्याची वाट पाहू नये. फिल्मच्या स्विचचा रोध थोडा जास्त असू शकतो आणि बीप न वाजताही तो उत्तम काम करत असतो, म्हणून ओहमचा आकडा पाहावा. कड थोड्या थोड्या अंतरावर दाबत जावे आणि कुठे स्विच लागतो, कुठे लागत नाही, हे पाठीमागे खडूने खुणावून ठेवावे. खडूचा असा उपयोग करावा. दुसऱ्या जॅकमध्ये केबल घालून वाटी दाबली की बेलचीही अशीच परीक्षा होते, फक्त तिथे अंगठ्याऐवजी काठीच्या मधल्या जाड भागाने जोर द्यावा, कारण मुळात ती तशी वाजवण्यासाठीच आहे. पिएझोसाठी मीटर एसी व्होल्टच्या लहान मापावर ठेवून सुया टोकाला आणि दांड्याला लावाव्यात आणि पॅडवर बोटाने टकटक करावी. आकडा उडी मारतो. नाही मारला तर तार सुटली आहे किंवा चकती गेली आहे.

तार सुटणे हेच अधिक संभवते. जॅकवर वर्षानुवर्षे केबलीचा ताण येतो, कार्यक्रम संपल्यावर घाईने केबल ओढून काढली जाते, आणि आतला टाका सैल होतो. पालथा करून खालचे आवरण स्क्रूने उघडावे आणि भिंगातून टाके पाहावेत. जॅकची तार सुटलेल्या ज्या पॅडचा वर उल्लेख केला, त्यात हीच गोष्ट होती; तांबड्या तारेचा टाका इतका सफाईने सुटला होता की तार जागेवर टेकलेली दिसत होती, आणि चिमट्याने हलकेच ओढल्यावर ती हातात आली. एका टाक्यात काम झाले. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यानंतर जॅकच्या आतल्या पत्त्यांवर गंजाचा पातळ थर बसतो आणि आवाज तुटक येतो; कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून पिन दहा-बारा वेळा आतबाहेर केली की बहुतेकदा ते जाते. पिएझो खरोखरच गेला असेल तर पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्याच व्यासाची चकती शोधावी. जुनी चकती नमुना म्हणून बरोबर न्यावी, नुसत्या अंदाजावर आणू नये. टाका मारताना पांढऱ्या थरावर सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवावे, जास्त वेळ धरले तर थर सुटतो आणि नवी चकती वाया जाते. कोणती तार पितळेला होती आणि कोणती मधल्या थराला, हे उघडतानाच मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. या सगळ्या गोष्टी आपल्या गल्लीतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा चांगल्या जमतात. त्याला फक्त हे सांगावे लागते की ही वस्तू म्हणजे एक चकती आणि दोन स्विच, बाकी काही नाही. ‘इलेक्ट्रॉनिक ड्रम’ म्हटले की तो हात लावायला बिचकतो.

खरे दुखणे असते ते कडेच्या फिल्मचे. वर ज्याचा उल्लेख केला तो तिसरा पॅड असाच होता. कित्येक महिने तो एका जड ॲम्प्लिफायरखाली आडवा दाबून ठेवलेला होता आणि एका बाजूचे रबर इतके बसले होते की स्विच तिथे कायमचा मिटलेला राहिला. रबर सोलून फिल्म बदलायचा प्रयत्न करणारे असतात, पण माझा सल्ला असा की ज्याने पूर्वी केलेले नाही त्याने चांगल्या पॅडवर हा प्रयोग करू नये. रबराची कड एकदा फाटली की ती पूर्ववत बसत नाही. त्याऐवजी आम्ही त्या पॅडमध्ये कडेच्या स्विचची तार सोडवून मोकळी ठेवली आणि टोकाला टेप गुंडाळला. कड गेली, चोक गेला, पण मधला पसारा आणि वाटी शाबूत राहिली. आज तो पॅड एका भजनी मंडळाच्या ऑक्टोपॅडशेजारी नुसता राइड म्हणून वाजतो आहे आणि वाजवणाऱ्या मुलाला त्यात काही उणे आहे असे वाटत नाही. एक अवयव गेला म्हणून आपण तबला टाकून देत नाही, शाई उडाली तर नवी भरून घेतो. सिंबल पॅडलाही तेवढी सवलत द्यायला हरकत नाही.

ऑक्टोपॅडचा विषय निघालाच आहे तर थोडे सांगतो. बाहेरचा पॅड जोडण्याची सोय असलेल्या ऑक्टोपॅडला सीवाय-१५आर लावता येतो, आणि आठ रबरी चौकोनांपैकी एकावर क्रॅश आणि एकावर राइड अडकवून ठेवण्याची गरज उरत नाही; ते दोन चौकोन ढोलकी-तबल्याच्या आवाजांना मोकळे होतात. मात्र जुनी सगळी मॉडेल कडेचा स्विच ओळखतातच असे नाही, त्यामुळे आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत पॅडचे कोणते प्रकार दिले आहेत ते आधी पाहावे. नाही ओळखला तरी बो वाजतोच.

लावणीबद्दलही दोन शब्द सांगायचे आहेत, लावणी म्हणजे स्टँडला लावणे. या पॅडबरोबर एक लहानसा स्टॉपर यायचा, जो स्टँडच्या दांड्यावर घट्ट बसतो आणि पॅडला गोल फिरू देत नाही. जुन्या सामानात पॅड सापडतो, पण हा स्टॉपर हमखास हरवलेला असतो. तो नसला की प्रत्येक ठोक्याला पॅड थोडा थोडा सरकतो, केबल दांड्याभोवती गुंडाळली जाते आणि अर्ध्या तासाने वादकासमोर भलतीच बाजू आलेली असते. मग लोक फिरणे थांबवण्यासाठी वरचा पाकळ्यांचा नट आवळून टाकतात, आणि इथेच सगळे बिघडते. नट आवळला की पॅडचे झुलणे संपले; ठोक्याचा सगळा हादरा दांड्यातून स्टँडमध्ये उतरतो आणि शेजारचा टॉम आपोआप वाजतो, आणि मग त्याच्यासाठी मॉड्यूलमध्ये क्रॉसटॉकचे, म्हणजे एका पॅडचा हादरा दुसऱ्याला लागू न देण्याचे, आकडे वाढवत बसावे लागते. नट इतका सैल असावा की पॅडची कड बोटाने दाबून सोडली तर तो तीन-चार वेळा डोलला पाहिजे. स्टॉपर नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दांड्यावर घट्ट चढवून त्याला पॅडच्या खाचेशी अडेल असा उंचवटा करून घेता येतो. दिसायला वेडावाकडा, पण काम चोख करतो.

मॉड्यूलमधल्या आकड्यांच्या बाबतीत माझा अनुभव एवढाच की सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पॅडची संवेदनशीलता, हळू वाजवून ठरवू नये. आपण कार्यक्रमात जेवढ्या जोराने शेवटचा क्रॅश मारतो तेवढ्या जोराने मारावे आणि आकडा तिथे जेमतेम १२७ ला पोहोचेल इतकीच ठेवावी. म्हणजे खालचा सगळा पल्ला नाजूक राइडसाठी उरतो. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याखालचा ठोका मॉड्यूल मोजतच नाही ती मर्यादा, शक्य तितका कमी असावा, नाहीतर काठीच्या टोकाने हलकेच ठेवलेले ठोके गिळले जातात, आणि राइडचा जीव त्या ठोक्यांतच असतो.

या पॅडच्या उणिवा मी लपवत नाही. वाटीवर हळू मारले तर पुष्कळदा ती वाजत नाही, मधल्या पसाऱ्याचाच आवाज येतो, कारण फिल्म मिटायला जोर लागतो. नाजूक बेल वाजवणाऱ्याला त्यासाठी हात थोडा बदलावाच लागतो. रबरावर काठीचा ‘ठप् ठप्’ आवाज होतो आणि फ्लॅटमध्ये रात्री अकरानंतर हेडफोन लावूनही खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. २०१६ साली टीडी-५० बरोबर आलेला अठरा इंचांचा डिजिटल राइड या बाबतीत फार पुढे गेला आहे; त्यावर हात ठेवूनही आवाज दाबता येतो. मी तो वाजवून पाहिला आहे आणि त्याला नावे ठेवणार नाही. पण तो डिजिटल केबलने जोडला जातो आणि तशी जागा असलेले मॉड्यूल लागते. आपल्यापैकी बहुतेकांकडे अजूनही जुनी मॉड्यूल आहेत, ती धडधाकट आहेत, आणि त्यांच्यासाठी हा नवा राइड म्हणजे न लागणारी किल्ली आहे. जुन्या मॉड्यूलचा राइड म्हणून सीवाय-१५आरची जागा म्हणूनच अजून रिकामी झालेली नाही.

तेव्हा माझ्या मागण्या थोड्या आहेत. ज्यांच्याकडे हा पॅड पडून आहे त्यांनी या आठवड्यात तो बाहेर काढून वरील तपासण्या कराव्यात. चांगला निघाला आणि आपल्याला नको असेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळाला किंवा नव्याने शिकणाऱ्या मुलाला द्यावा; विकणार असाल तर अवश्य विकावा, पण कोणती जागा वाजते आणि कोणती वाजत नाही हे घेणाऱ्याला आधी सांगावे. साउंडवाल्या बंधूंना विनंती अशी की ड्रमच्या पेटीतल्या केबली गिटारच्या केबलींत मिसळू नयेत. मी माझ्या स्टिरिओ केबलींच्या दोन्ही टोकांना पिवळी टेप लावली आहे आणि तेव्हापासून एकदाही चूक झालेली नाही. दुरुस्ती करणाऱ्यांपैकी ज्यांनी कडेची फिल्म यशस्वीपणे बदलली आहे त्यांनी ते कसे केले, कोणती फिल्म वापरली आणि रबर परत कशाने चिकटवले, हे छायाचित्रांसह इतर वादकांना सांगावे, कारण त्या एका बाबतीत मी अजून शिकाऊच आहे. आणि पुसताना थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट कुणीही वापरू नये. साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके पुरते.

मी घेतलेल्या पॅडवरचा खडू पुसून टाकला आहे, पण ‘खराब’ मधल्या ‘ब’चा अर्धा भाग खाचेत राहिला आहे आणि तो निघत नाही. ज्या वाद्यवृंदाकडून तो घेतला त्यांना मी सगळे कळवले आहे आणि हवा असेल तर त्याच पैशांत परत न्यावा असेही सांगितले आहे. त्यांचा ड्रमर येत्या रविवारी वाजवून पाहायला येणार आहे. केबल मी पिवळी टेप लावलेलीच देणार आहे, आणि दोन देणार आहे.

आपला,
एक सहवादक,
पुणे